वेंधळेपणाचा हिशेब

गेल्या डिसेंबरात नातवाच्या शाळेत शारीरिक क्षमतेची चाचणी होती. पालकांना बोलावले होते. सूनबाई आणि मुलगा दोघेही नोकरीवर, म्हणून मी गेलो. निवृत्त माणूस अशा कामांना घरात हुकमी सापडतो.

नातू तिसरीत. मैदानाच्या एका कोपऱ्यात अरुंद लाकडी पट्टी ठेवली होती. तिच्यावर एका पायावर उभे राहायचे आणि एका मिनिटात तोल किती वेळा जातो ते सर मोजणार. शेजारच्या टेबलावर दोन गोल चकत्या होत्या. एकाच हाताने आलटून पालटून त्यांना झटपट स्पर्श करत जायचे आणि सर वेळ टिपणार. मुले हसत-खिदळत करत होती. आमच्या चिरंजीवांची पाळी आली. तो पट्टीवर चढला आणि उतरला. पुन्हा चढला, पुन्हा उतरला. पहिल्या अर्ध्या मिनिटात पंधराहून जास्त वेळा तोल गेला की चाचणी थांबवून शून्य लिहायचे, असा या चाचणीचा नियम आहे. त्याप्रमाणे शून्य लिहिले गेले. मागच्या रांगेत हशा पिकला. सर माणूस वाईट नव्हते. त्यांनी पाठीवर थाप मारली, ‘‘जरा नीट जेवत जा रे,’’ म्हणाले, आकडा मोबाइलमध्ये भरला आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

मी बँकेत उभी हयात घालवलेला माणूस. नोंद झाली की ती कुठे तरी जाऊन पोहोचली पाहिजे, हा आमचा धर्म. त्यामुळे घरी परतताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. हे शून्य आता कुठे जाणार? ते कोण वाचणार? आणि वाचून काय करणार?

नाव नसलेली अडचण

‘वेंधळा’, ‘धांदरट’, ‘गबाळा’, ‘धसमुसळा’, ‘अजागळ’. अशा मुलांसाठी आपल्या भाषेत शब्दांना तोटा नाही. यातला एकही शब्द मुलाची अडचण सांगत नाही, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. प्रत्येक शब्दात मुलाच्या स्वभावावर ठपका आहे. जणू त्याने मनावर घेतले असते तर पेला सांडला नसता.

वैद्यकशास्त्रालाही या मुलांकडे नीट पाहायला वेळ लागला. १९६२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने अशा ‘क्लम्झी’, म्हणजे वेंधळ्या मुलांवर अग्रलेख लिहिला. अमेरिकन मानसोपचार तज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत १९८७ साली या अडचणीला ‘डेव्हलपमेंटल को-ऑर्डिनेशन डिसऑर्डर’ असे नाव मिळाले आणि १९९४ मध्ये कॅनडातील लंडन या गावी जमलेल्या तज्ज्ञांनी सर्वांनी हेच नाव वापरावे असे ठरवले. थोडक्यात ‘डीसीडी’. ‘डिस्प्रॅक्सिया’ हा शब्दही बऱ्याचदा याच अर्थाने वापरला जातो.

निदानाची अट साधी आहे. वयाच्या आणि मिळालेल्या संधीच्या मानाने मुलाच्या हालचालींतले कौशल्य बरेच कमी असते. त्याचा रोजच्या जगण्यात, शाळेत, खेळात अडथळा होतो. हे लहानपणापासून असते. आणि दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता किंवा सेरेब्रल पाल्सीसारखा मेंदूचा आजार यांनी त्याचा उलगडा होत नाही. म्हणजे मूल हुशार असू शकते, धडधाकट दिसते, गोष्टी रंगवून सांगते; पण शर्टाची बटणे लावताना रडकुंडीला येते, चेंडू छातीवर आदळल्यावर हात पुढे करते, वहीत ओळ सोडून लिहिते. जगभरातील अभ्यासांतून शाळकरी मुलांमध्ये हे प्रमाण साधारण पाच ते सहा टक्के मानले जाते. चाळीस मुलांच्या वर्गात दोन मुले. आपण सगळे शाळेत गेलो आहोत. ती दोन मुले कोण होती, हे डोळे मिटले तरी आठवेल.

निदान मुलग्यांत जास्त होते. मुलींच्या बाबतीत मला वेगळीच शंका येते. मुलगा मैदानावर धडपडला तर चारचौघांना दिसते. मुलीच्या हातून पोळी वेडीवाकडी झाली, पातेले निसटले, तर ते स्वयंपाकघरातच राहते, आणि तिथे त्याला वैद्यकीय नाव न मिळता ‘सासरी काय दिवे लावणार’ एवढाच शेरा मिळतो.

अंदाजपत्रक चुकते कुठे?

हे का होते, याचे अंतिम उत्तर शास्त्रज्ञांना अजून सापडलेले नाही. पण स्नायूंत जोर नाही किंवा मुलाची इच्छा नाही, हे त्याचे कारण नव्हे, याबद्दल एकमत आहे. एक महत्त्वाची उपपत्ती मला बँकेच्या भाषेत समजली, ती तशीच सांगतो.

आपण हात पुढे करतो तेव्हा मेंदू आधीच एक अंदाजपत्रक मांडतो. पेला किती जड असेल, हात कुठे पोहोचेल, बोटांना काय जाणवेल. मग प्रत्यक्षातला हिशेब येतो. दोन्हींत फरक पडला की मेंदू क्षणार्धात दुरुस्ती करतो. अंधारात जिना उतरताना नसलेली शेवटची पायरी गृहीत धरून आपण पाय आपटतो ना, ते हेच चुकलेले अंदाजपत्रक. आपल्याला तो हिसका वर्षातून एखाद्या वेळी बसतो. या मुलांची अंदाज बांधण्याची आणि चालू कामात दुरुस्ती करण्याची यंत्रणा नीट जमलेली नसते, असे या उपपत्तीचे म्हणणे आहे. त्यांना तो हिसका दिवसातून शंभरदा बसतो. संध्याकाळी मूल थकून चिडचिडे होते, त्यात नवल काय?

मग वर्तुळ सुरू होते. चेंडू झेलता येत नाही म्हणून कोणी संघात घेत नाही. संघात घेत नाही म्हणून खेळणे होत नाही. खेळणे होत नाही म्हणून सराव नाही, दम नाही, वजन वाढते. मग पळताना धाप लागते आणि मूल स्वतःच ‘माझं पोट दुखतंय’ म्हणून खेळाच्या तासाला वर्गात बसून राहते. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतातील शाळकरी मुलांचा काही वर्षे पाठपुरावा करणाऱ्या संशोधकांना असेच दिसले. या मुलांचा दमसास इतरांहून कमी असतो आणि लठ्ठपणाचा धोका जास्त. काळजी, न्यूनगंड, एकटेपणाही त्यांच्यात अधिक आढळतो. म्हणजे ज्यांना व्यायामाची सर्वांत जास्त गरज, तीच मुले व्यायामाला सर्वांत आधी पारखी होतात.

‘मोठा झाला की सुधारेल’ हे आपले ठेवणीतले वाक्य. काहींचे सुधारतेही. पण फिनलंडमध्ये अशा मुलांना पाचव्या वर्षापासून किशोरवयापर्यंत पाहिले गेले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांची अडचण तशीच राहिलेली होती. ‘हॅरी पॉटर’मुळे जगप्रसिद्ध झालेल्या डॅनियल रॅडक्लिफने २००८ साली स्वतःच सांगितले की, त्याला सौम्य डिस्प्रॅक्सिया आहे आणि बुटाची लेस बांधणे अजूनही कठीण जाते. नाव, पैसा, कीर्ती सगळे मिळाले; लेस मात्र सुटतेच आहे.

नोटा मोजायला शिकताना

१९८२ साली मी बँकेत लागलो तेव्हा नोटा मोजायचे यंत्र आमच्या शाखेत नव्हते. शंभर नोटांचे पॅकेट, त्याला पिना मारलेल्या, शेजारी ओला स्पंज. पहिल्या दिवशी मी एक पॅकेट चारदा मोजले आणि चार वेगळे आकडे आले. रांगेतली माणसे खाकरू लागली. आमचे हेडकॅशियर काका जुने खोड होते. ते संध्याकाळी म्हणाले, ‘‘साहेब, घाईला खिडकी बंद करा. रोज दहा मिनिटं माझ्याजवळ बसा. आणि आकड्याकडे बघू नका, नोटेच्या कडेकडे बघा.’’ महिन्याभरात बोटे आपोआप चालू लागली. वर्षाने तर मोजता मोजता गप्पाही मारता येऊ लागल्या.

फिट्स आणि पोस्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कौशल्य शिकण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. आधी प्रत्येक गोष्ट विचार करून करावी लागते, मग हालचाली एकमेकींत गुंफल्या जातात, शेवटी त्या आपोआप होतात. हे पुढे कधी तरी वाचले तेव्हा काका आठवले. वर्गातली इतर मुले तिसऱ्या पायरीवर पोहोचलेली असतात तेव्हा आपले ‘वेंधळे’ मूल पहिल्या पायरीवर असते. त्याला शिकता येत नाही असे नाही. त्याला शिडी जास्त उंच आहे आणि तिच्या पायऱ्या लांब लांब आहेत.

सराव किती आणि कसा, यावरही अभ्यास आहेत. इंग्लंडमध्ये पोस्टमनांना टंकलेखन शिकवायचे होते. अॅलन बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात काहींना दिवसाला एकच तास, तर काहींना दोन-दोन तासांच्या दोन बैठका दिल्या. एकूण सर्वांत कमी तासांत शिकले ते रोज एकच तास बसणारे. गंमत म्हणजे सर्वांत नाराजही तेच होते, कारण त्यांना दिवस जास्त लागले. आपण आई-बाप याच मोहात पडतो. रविवारी दोन तास मुलाला घाम काढायला लावतो आणि सोमवार ते शनिवार विसरून जातो.

दुसरे नाव घेतो ते निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाचे. १९२०च्या दशकात मॉस्कोमध्ये त्याने घण घालणाऱ्या कामगारांच्या हालचालींची बारकाईने चित्रे घेतली. घाव बरोबर जागी पडत होता, पण प्रत्येक घावाला खांदा, कोपर, मनगट यांची चाल थोडी वेगळी होती. यावरून त्याने दाखवले की सराव म्हणजे एकच हालचाल घोटणे नव्हे. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा नव्याने सोडवणे म्हणजे सराव. मूल धडपडते आहे ते चुकीचे नाही. फक्त धडपडीला दिशा हवी.

‘तुला काय यायला हवंय?’

उपचारांच्या जगात बरीच वर्षे असा समज होता की आधी मुळाशी जावे. तोल, स्पर्श, डोळ्यांची हालचाल यांचे वेगळे व्यायाम द्यावेत. ती क्षमता सुधारली की लेस, सायकल, अक्षर आपोआप सुधारेल. अलीकडे पारडे दुसरीकडे झुकले आहे. २०१२ मध्ये आलेल्या आणि २०१९ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा सांगावा असा की, मुलाला जे काम रोज करायचे आहे तेच काम शिकवा. लेस शिकायची तर लेस बांधा.

कॅनडातील हेलेन पोलाटाय्को आणि अँजेला मँडिच यांनी विकसित केलेली एक पद्धत ‘को-ऑप’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात मूल स्वतःच काम निवडते आणि चार गोष्टी करते. ठरव, योजना आख, करून बघ, तपासून बघ. मोठ्यांनी उत्तर सांगायचे नाही, फक्त प्रश्न विचारायचे.

आम्ही नातवाला एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंकडे नेले तेव्हा हे प्रत्यक्ष पाहिले. त्यांनी ‘काय येत नाही’ असे विचारलेच नाही. म्हणाल्या, ‘‘तुला काय यायला हवंय?’’ तो म्हणाला, ‘‘लेस. पीटीनंतर सगळे जातात, मी एकटाच राहतो.’’ मग बाईंनी दोन रंगांच्या दोन लेस जोडून दिल्या. ‘‘आता कुठे अडतं?’’ त्याच्या ध्यानात आले की तो पाय अधांतरी धरतो. त्याने स्वतः पाय चौरंगावर ठेवला. ‘‘आता?’’ ‘‘कान सुटतो.’’ लेसच्या फासाला त्याने ‘कान’ नाव दिले होते. ‘‘कधी सुटतो?’’ हे असे चालले. घरी रोज दहा मिनिटे. पाचव्या आठवड्यात गाठ टिकली.

इथे एक सावधगिरीची सूचना. २०१७ साली ‘कॉक्रेन’ या संस्थेने अशा उपचारांच्या प्रयोगांची कठोर छाननी केली आणि पुरावा अजून कच्चा आहे, छातीठोकपणे काही सांगता येत नाही, असा निष्कर्ष काढला. प्रयोग लहान आहेत, त्यांत त्रुटी आहेत. म्हणून ‘तीन महिन्यांत मेंदूचा विकास’ अशी हमी देऊन हजारो रुपयांची पॅकेजे विकणाऱ्यांपासून आई-बापांनी दूर राहावे. कर्जदाराने फार मोठा परतावा सांगितला की आम्ही अधिकारी आधी कागद तपासत असू. इथेही तेच करावे. घरी रोज दहा मिनिटे आपल्याला परवडणारी आहेत आणि त्यात बुडण्यासारखे काही नाही.

खेळ कोणता निवडावा? चेंडूचे खेळ या मुलांना सर्वांत अवघड, कारण चेंडू आणि समोरचा गडी दोघेही हलत असतात. पोहणे, सायकल, चालणे, टेकडी चढणे, सूर्यनमस्कार यांत वेग आपल्या हातात असतो. नवखा पोहणारा पहिल्या दिवशी पाणी पिणारच. ते सगळेच पितात, म्हणून कोणी हसत नाही. दम वाढतो, अंग हलते आणि ‘मलाही काही येते’ हे एकदा मनाने घेतले की पुढचे सोपे होते.

शून्याचे काय करायचे?

आता पुन्हा त्या शून्याकडे येतो. सरकारी कागदांत आपण मागे नाही. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत विकासातील विलंबाचा समावेश आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ‘डिस्प्रॅक्सिया’ हा शब्द छापलेला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खेळाला अभ्यासाचाच भाग म्हटले आहे. आणि ‘खेलो इंडिया’च्या क्षमता चाचणीत पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी तोल आणि चकत्यांची चाचणी आहे.

पण जरा खोलात पाहा. कायद्यात तो शब्द आहे तो अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत, आणि ती व्याख्या सुरू होते बोललेली वा लिहिलेली भाषा समजण्यातल्या अडचणीपासून. ज्याचे वाचन उत्तम आहे पण बटण लागत नाही, ते मूल या दारातून आत शिरणार कसे? आरोग्य तपासणीचे पथक चालायला उशीर झालेले मूल ओळखेल. चालणारे, पळणारे, पण सारखे आपटणारे मूल त्या चाळणीतून अलगद खाली पडेल. आणि क्षमता चाचणीचा हेतू तंदुरुस्ती मोजणे व होतकरू खेळाडू शोधणे. म्हणजे यादी वरून वाचायची. खालून वाचायला कोणाला सांगितलेलेच नाही.

माझे म्हणणे एवढेच की, ही यादी खालूनही वाचा. एका चाचणीवरून निदान होत नाही, ते तज्ज्ञांनीच करावे. पण दोन्ही चाचण्यांत तळाला असलेल्या मुलांच्या घरी शाळेने एक फोन करावा आणि विचारावे, ‘बटणे लागतात का? डबा उघडतो का? सायकल येते का?’ याला वेगळा निधी लागत नाही. दुसरे, खेळाच्या तासाला संघ निवडण्याचे काम दोन मुलांच्या हाती देऊ नये. शेवटी उरणारे मूल दर वेळी तेच असते. तिसरे, तो तास गणिताला देऊ नये आणि शिक्षा म्हणून काढूनही घेऊ नये. जिंकणाऱ्या खेळाडूंना आपण बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण देतो. जरूर द्यावेत. पण तळाच्या मुलांना निदान सरांची दहा मिनिटे मिळावीत.

एक जुनी बाकी

शेवटी घरचे सांगतो. बाईंनी पहिल्या दिवशी घराण्याची माहिती विचारली. ही अडचण पुष्कळदा कुटुंबात चालत येते. माझा मुलगा, वय अडतीस, मोठ्या कंपनीत अधिकारी, खाली मान घालून म्हणाला, ‘‘मला पण असंच व्हायचं. अजूनही होतं. मी लेसचे बूट घेतच नाही.’’

मी थक्क झालो. अडतीस वर्षे तो माझ्या घरात आहे. मग एकेक आठवू लागले. माझी बदली एका तालुक्याच्या गावी झाली होती. तो सात-आठ वर्षांचा असेल. त्याच्या हातून दुधाचे पातेले कलंडले, पाहुण्यांसमोर. मी त्याला दहा पाने शुद्धलेखन लिहायला बसवले आणि म्हणालो, ‘‘तुला आयुष्यात काही धड धरता येणार नाही.’’ त्याचे अक्षर वाईट होते, म्हणून ती दहा पाने फाडून पुन्हा लिहायला लावली. तो रात्री उशिरापर्यंत लिहीत होता. कथा-कादंबऱ्यांतून माणसांची मने उकलण्याचा आव मी पुढे आणला. पण शेजारच्या खोलीत लिहीत बसलेल्या मुलाचे मन मला वाचता आले नाही.

त्या दिवशी घरी परतताना मी त्याला म्हणालो, ‘‘अरे, मला माहीत नव्हतं.’’ तो म्हणाला, ‘‘बाबा, मला तरी कुठे माहीत होतं? मला वाटायचं, मी खरंच निष्काळजी आहे.’’

आता रोज संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या आवारात तो सायकलची सीट धरून नातवामागे पळतो. नातू दिवसाआड पडतो. पडला की स्वतःच सांगतो, ‘‘आज वळणावर मी खाली बघितलं.’’ येत्या डिसेंबरात चाचणी पुन्हा होईल आणि कदाचित पुन्हा शून्यच मिळेल. मिळू दे. या खेपेला मी सरांना भेटून ते शून्य कशाचे आहे, हे सांगणार आहे. आणि त्यांच्या यादीत त्याच्या वर-खाली ज्यांची नावे असतील, त्यांच्या घरी फोन करता येईल का, तेही विचारणार आहे.